स्पोर्ट टूरिंग बाईकचा टायर निवडताना: किती चालतो ते नंतर, किती दिवस चांगला चालतो ते आधी बघा

टायर बदलायची वेळ आली की पहिला प्रश्न ठरलेला, किती किलोमीटर जाईल? आणि लगेच दुसरा, ग्रिप कशीये? प्रश्न दोन्ही रास्त आहेत पण त्यांनी निवड होत नाही, कारण नवा असताना जवळपास प्रत्येक टायर भारी वाटतो आणि पार गोटा होईपर्यंत चालवला तर किलोमीटर पण भरपूर निघतात. मधलं कुणी विचारत नाही. टायर अर्धा झिजल्यावर बाईक कशी वळते, ओल्या रस्त्यावर ब्रेक लावला की काय होतं, लीन करताना, म्हणजे वळणात बाईक कलवताना, हँडल जड लागतं का, हे विचारा. १२ हजार चालला पण त्यातले शेवटचे ५ हजार बाईक प्रत्येक वळणावर ओढून वळवावी लागत होती तर माझ्या हिशोबाने तो टायर ७ हजारांचाच. स्पोर्ट टूरिंगला, म्हणजे जोरात पण लांबच्या प्रवासाला चालवायच्या बाईकला, तर हे फारच लागू होतं, कारण एकाच दिवसात ४०० किमी सरळ हायवे, मग घाट, मग पाऊस, वर सामान आणि मागे डबलसीट, असं सगळं त्याच दोन टायरवर होत असतं.

आधी जुना टायर नीट वाचा

नवीन टायर शोधायच्या आधी बाईक मेन स्टँडवर घ्या आणि जुना रिअर टायर मागून, डोळा टायरच्या उंचीवर आणून बघा. मधे सपाट पट्टा पडलाय आणि दोन्ही बाजूंचे खांदे म्हणजे शोल्डर अजून चांगले आहेत, असं असेल तर तुमचं चालवणं बहुतेक सरळ रस्त्याचं आहे, तुम्ही स्वतःला कितीही कॉर्नरवाले समजा. तुम्हाला मधलं रबर टणक असलेला टायर पाहिजे. उलट मधे अजून खाच शिल्लक आहे आणि बाजूला रबर खाल्लं गेलंय तर तुम्ही खरोखर वळणावळणाच्या रस्त्यावर जोरात चालवता, आणि तुम्ही नुसत्या मायलेजच्या मागे लागून टायर घेतला तर तो तुमच्या कामाचाच नाही. एक बाजू दुसरीपेक्षा थोडी जास्त झिजलेली दिसते बऱ्याचदा, त्याची काळजी करायची गरज नाही.

फ्रंट टायरवर तळहात हलका फिरवा, एकदा एका दिशेने आणि मग उलट. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीच्या दातांसारखं लागलं तर त्याला कपिंग म्हणतात. ते थोडंफार सगळ्यांना होतं, पण लवकर आणि खोल झालं असेल तर टायरला दोष द्यायच्या आधी हवा कमी राहत होती का, बॅलन्सिंग नीट आहे का आणि फोर्कचं डॅम्पिंग, म्हणजे पुढच्या शॉकअपची उसळी आवरणं, अजून काम करतंय का हे बघा, नाहीतर महागातला नवा टायर पण तसाच होणार.

डेप्थ गेज नावाची छोटीशी वस्तू मिळते, ती घ्याच. मधे एक माप, मग दोन्ही बाजूला दोनदोन बोटं सोडून एकेक माप. नव्या स्पोर्ट टूरिंग रिअर टायरला साधारण ६ ते ७ मिमी खाच असते, फ्रंटला ४ च्या आसपास. मापं किलोमीटरसकट लिहून ठेवली की तुमचा टायर दर हजार किमीला किती झिजतो ते तुम्हाला कळतं, आणि हा तुमचा स्वतःचा आकडा दुसऱ्या कुणाच्याही आकड्यापेक्षा खरा. दुसऱ्याचे १५ हजार तुमचे १५ हजार नसतात. त्याची बाईक ५० किलो हलकी असेल, त्याचे रस्ते गुळगुळीत असतील, तो थ्रॉटल हळू उघडत असेल. खडीचे कण वर आलेल्या खरखरीत डांबरावर आणि कडक उन्हात तोच टायर बराच लवकर संपतो.

मधे टणक, कडेला मऊ

पूर्वी सरळ हिशोब होता, टणक रबर म्हणजे टिकाऊ आणि मऊ रबर म्हणजे ग्रिप, एक घ्या एक सोडा. आता तसं राहिलं नाही. ड्युअल कंपाऊंडमध्ये टायरच्या मधल्या पट्ट्याला टिकाऊ रबर आणि दोन्ही खांद्यांना मऊ रबर वापरतात, म्हणजे सरळ चालताना टणक भाग झिजतो आणि लीन केलं की मऊ भाग रस्त्याला लागतो. मिशेलिनने पायलट रोड २ मध्ये हे आणलं तेव्हा टूरिंगवाल्यांचं बघणंच बदललं. पुढे त्यात अजून एक सुधारणा आली, खांद्याच्या मऊ रबराच्या खाली टणक रबराचा थर सरकवायचा, म्हणजे मऊ रबर वरून चिकटतं पण वळणातून जोरात बाहेर पडताना टायर लोळत नाही. कॉन्टिनेंटलने वेगळा रस्ता धरलाय, रबर एकच पण ते शिजवताना तापमान असं ठेवायचं की मधे टणक होईल आणि कडेकडे हळूहळू मऊ होत जाईल, त्यामुळे दोन रबरांचा जोड असा कुठे येतच नाही. रोडअटॅकमध्ये ही पद्धत आहे आणि लीन करत जाताना ग्रिप एकसारखी बदलत जाते, मला हे फार आवडतं.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे सिलिका. रबरात काजळी म्हणजे कार्बन ब्लॅक तर असतंच, पण सिलिका वाढवली की थंडीत आणि ओल्या रस्त्यावर रबर लवचीक राहतं. स्पोर्ट टूरिंग टायर सकाळी बाईक काढल्यावर थोड्याच अंतरात भरवशाचा होतो त्याचं मोठं कारण हे. ट्रॅकच्या जवळ जाणारा हायपरस्पोर्ट टायर गरम झाला की जबरदस्तच असतो, पण थंड पावसात हायवेला एका वेगात जाताना तो गरमच राहत नाही आणि मग त्याची ती जबरदस्त ग्रिप तुमच्या हाताला लागतच नाही. म्हणून कागदावर ग्रिप जास्त असलेला टायर टूरवर प्रत्यक्षात कमी ग्रिप देऊ शकतो. वर रिअर निम्म्या किलोमीटरात संपतो ते वेगळंच.

पाऊस आणि खाचा

खाचा जास्त म्हणजे ग्रिप जास्त असं नसतं. कोरड्यात जितकं रबर रस्त्याला लागेल तितकं चांगलं, खाचांचं मुख्य काम पाणी बाजूला काढणं. टायर नीट बघितला तर अगदी कडेचा भाग बऱ्याचदा सपाट, बिनखाचांचा दिसतो, कारण तितकं लीन पावसात कुणी करत नाही. खाचा असतात त्या मधे आणि मधल्या लीनच्या पट्ट्यात. पावसात फिरणारे असाल तर हा मधला पट्टा बघा, तिथे खाचा किती खोल आहेत आणि टायर झिजल्यावर त्यांचं काय होणार.

हे शेवटचं फार महत्त्वाचंय. बारीक चिरा, ज्यांना साईप म्हणतात, त्या उथळ असल्या तर २ मिमी झिजल्यावर गायबच होतात आणि पावसातला टायर तिथेच संपतो, वरून बघणाऱ्याला अजून अर्धा टायर शिल्लक दिसत असतो. मिशेलिनने रोड ५ मध्ये यावर छान काम केलं, साईप वर अरुंद आणि आत रुंद ठेवली, म्हणजे टायर झिजत जाईल तशी पाण्याला जागा वाढत जाते. असले साचे साध्या पद्धतीने बनत नाहीत म्हणून त्यांनी धातूचं थ्रीडी प्रिंटिंग वापरलं. नाव मिशेलिनचं घेतलं तरी मुद्दा कंपनीचा नाही, कुठलाही टायर बघताना हाच प्रश्न विचारायचा, निम्मा झिजल्यावर या खाचा कशा दिसतील? दुकानात टायर हातात घेऊन खाचेच्या तळापर्यंत बघता येतं, बघा.

सांगाडा आणि बाईकचं वजन

लोक रबराबद्दल भरपूर बोलतात आणि आतल्या सांगाड्याबद्दल, म्हणजे कारकसबद्दल, काहीच बोलत नाहीत. पण बाईक जड असेल तर खरी गंमत तिथेच आहे. यामाहा एफजेआर १३००, कावासाकी १४०० जीटीआर, बीएमडब्ल्यू के १६०० असल्या बाईक, त्यावर दोन माणसं आणि तीन बॅगा, हे वजन साध्या कारकसवर टाकलं की टायर आतून जास्त वाकतो, जास्त तापतो आणि भराभर झिजतो, आणि वळणात मागून बाईक डुलल्यासारखी वाटते. म्हणूनच बऱ्याच कंपन्या एकाच नावाच्या टायरची जड बाईकसाठी वेगळी आवृत्ती काढतात. मिशेलिन रोड ६ ची जीटी, ब्रिजस्टोन टी ३२ ची जीटी, डनलॉप रोडस्मार्ट ४ ची जीटी, मेट्झेलरच्या रोडटेकमध्ये एचडब्ल्यूएम असा शिक्का, पिरेली एंजल जीटीमध्ये ए. खाचा आणि नाव तेच पण आत सांगाडा कडक. ही आवृत्ती हलक्या बाईकला घालू नका, टायर वाकतच नाही मग रस्ता टणक लागतो आणि गरमही नीट होत नाही. आणि जड बाईकला साधी आवृत्ती घालून "या टायरचं नाव उगाच मोठं झालंय" म्हणणारे बरेच भेटतात, टायर बिचारा चांगला असतो, आवृत्ती चुकलेली असते.

नव्या बाईकसोबत जो टायर येतो त्याबद्दलही एक सांगायचंय. त्याच्यावर नाव बाजारातल्याच टायरचं असतं पण नावापुढे एखादं जास्तीचं अक्षर असू शकतं, म्हणजे तो बाईक कंपनीच्या मागणीप्रमाणे थोडा वेगळा बनवलेला असतो, कधी रबर वेगळं कधी बांधणी वेगळी. त्यामुळे बाईकसोबत आलेला टायर ७ हजारात संपला म्हणून ते मॉडेलच बाद करू नका.

साईडवॉलवरचे आकडे

रिअरवर १८०/५५ झेडआर १७ (७३डब्ल्यू) असं काहीतरी लिहिलेलं असतं. १८० म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, ५५ म्हणजे त्या रुंदीच्या ५५ टक्के उंची, आर म्हणजे रेडियल (आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे), १७ म्हणजे रिमचा व्यास इंचात. ७३ हा वजनाचा कोड, ७३ म्हणजे ३६५ किलो, आणि फ्रंटवरचा ५८ म्हणजे २३६ किलो. डब्ल्यू म्हणजे २७० किमी प्रतितास, व्ही २४०, एच २१०, आणि कंसातला डब्ल्यू म्हणजे २७० च्याही वर. बाईकच्या मॅन्युअलमध्ये दिलंय त्यापेक्षा वजनाचा किंवा वेगाचा कोड खाली जाऊ द्यायचा नाही, एवढं पाळा.

साईज बदलायचा मोह सगळ्यांना होतो. १८० च्या जागी १९० घातला की मागून बाईक दणकट दिसते, पण रिम तीच राहते, मग टायर दोन्हीकडून दाबला जातो, त्याचा गोलवा बदलतो आणि बाईक लीन व्हायला आळशी होते. टायरची उंची बदलली की चाकाचा घेर बदलतो आणि आजकालच्या बाईकवर एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल दोन्ही चाकांचा वेग मोजूनच काम करतात, त्यांचा हिशोब कशाला बिघडवायचा. मॅन्युअलमध्ये दोन साईज दिल्या असतील तर गोष्ट वेगळी.

आणि मनात मॉडेल पक्कं करायच्या आधी तुमच्या साईजमध्ये ते बनतं का बघा. होंडा एसटी १३०० सारख्या बाईकला फ्रंट १८ इंची लागतो, तिथे पर्याय आपोआप कमी होतात. १७ इंचीवाल्यांना हा त्रास नाही.

तारीख बघायला विसरू नका. डॉट या अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, २३२४ असेल तर २०२४ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला. सावलीत, थंड जागेत नीट ठेवलेला वर्ष दीड वर्ष जुना टायर बिनधास्त घ्या, त्याने काही बिघडत नाही. पण स्वस्तात मिळतोय म्हणून पाच वर्षांचा कपाटातला टायर स्पोर्ट टूरिंग बाईकला घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कंपन्या पाच वर्षांनंतर दर वर्षी टायर तपासून घ्यायला सांगतात आणि दहा वर्षांनी खाचा असल्या तरी काढून टाकायला सांगतात.

मग घ्यायचा कुठला

मिशेलिन रोड ६, मेट्झेलर रोडटेक ०१ एसई किंवा ०२, पिरेली एंजल जीटी २, ब्रिजस्टोन टी ३२, डनलॉप रोडस्मार्ट ४, कॉन्टिनेंटल रोडअटॅक ४. यातला एकही वाईट नाही, खरंच. पावसात आणि थंडीत फिरणं जास्त असेल तर माझा कल मिशेलिन आणि मेट्झेलरकडे. कोरडे घाट, चटकन लीन होणारी बाईक आवडत असेल तर एंजल जीटी २ किंवा रोडअटॅक ४. बहुतेक हायवे आणि सामान असेल तर रोडस्मार्ट ४ किंवा रोड ६, जड बाईकला अर्थात जीटी. अनुभव वाचताना नवीन टायर घालून पहिल्याच रविवारी लिहिलेलं कौतुक सोडून द्या आणि तुमच्याच बाईकवर, निदान तितक्याच वजनाच्या बाईकवर, ५–६ हजार किमी झाल्यानंतर कुणी काय लिहिलंय ते शोधा. "अजून तशीच वळते" असं वाचलं की तो टायर यादीत वर घ्या.

पुढचा मागचा एकाच मॉडेलचा ठेवा. रिअर आधी संपतो हे खरंय, मग लोक फक्त रिअर बदलतात आणि झिजून टोकदार किंवा कप झालेला फ्रंट तसाच राहतो, मागचा नवा गोल पुढचा वेडावाकडा, आणि बाईक विचित्र वळते म्हणून नव्या टायरला शिव्या. फ्रंट निम्म्याच्या पुढे झिजला असेल तर जोडीच बदला. निम्म्याच्या आत असेल तर फक्त रिअर चालेल. एकीकडे रेडियल आणि दुसरीकडे बायस (आतले धागे तिरके) असं करू नका, बाईक कंपनीनेच तसं दिलं असेल तेवढा अपवाद.

बसवताना आणि नंतर

टायरवरचा बाण फिरण्याच्या दिशेला पाहिजे. फ्रंटच्या खाचा रिअरच्या उलट्या दिसतात कधीकधी, घाबरू नका, फ्रंटवर मुख्य जोर ब्रेकचा येतो आणि रिअरवर इंजिनचा. टायर बदलताना रबरी व्हॉल्व्ह पण बदलून घ्या आणि बॅलन्सिंग करून घ्या. पहिले १००–१५० किमी जोरात लीन नाही, जोरात ब्रेक नाही, वरचा थर निघून रबर खरखरीत व्हायला तेवढं अंतर लागतं, आणि लीन हळूहळू वाढवत न्या कारण रस्त्याला लागलेला भागच तयार होतो, कडेचा अजून कोराच असतो.

आणि आता हवा. टायरचं आयुष्य वाढवायला एकच गोष्ट करणार असाल तर हीच करा. बऱ्याच स्पोर्ट टूरिंग बाईकला पुढे ३६ आणि मागे ४२ पीएसआय लागतं, तुमचा आकडा मॅन्युअलमध्ये किंवा स्विंगआर्मच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या, स्टिकरवर असतो, आणि तो थंड टायरचा असतो, म्हणजे बाईक काही तास उभी असताना. चालवल्यावर प्रेशर वाढतंच, ३–४ पीएसआय सहज, ते बघून गरम टायरमधून हवा सोडू नका. हवामानात ५–६ अंशांचा फरक पडला की साधारण १ पीएसआयचा फरक पडतो, म्हणून हिवाळ्याच्या सुरुवातीला सगळ्यांचे टायर न सांगता कमी होतात. हवा कमी राहिली की टायर वाकतो, तापतो, फ्रंटला कपिंग लवकर येतं, रिअरचे खांदे खराब होतात. जास्त भरली की मधला बारीक पट्टाच सगळं ओझं उचलतो आणि तो सपाट पट्टा अजून लवकर पडतो. ट्रॅकवर ३० पीएसआय ठेवतात म्हणून रस्त्यावर ठेवणारे लोक आहेत, कृपा करून करू नका, तिथे टायर सतत प्रचंड तापतो म्हणून ते जमतं. स्वतःचं गेज ठेवा, आठवड्यातून एकदा बघा, आणि डबलसीट किंवा सामान असेल तर सस्पेन्शनचं प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवलीय ते, पण वाढवा, त्याचाही फरक टायरवर दिसतो.

पंक्चर झाला आणि भोक मधल्या भागात, बारीक असेल तर प्लग लावून हळू चालवत नीट दुरुस्ती होईल तिथपर्यंत जाता येतं. साईडवॉलला किंवा खांद्याच्या कडेला असेल तर तो टायर गेला. हवा नसताना काही अंतर चालवला असेल तरीही गेला, बाहेरून कितीही चांगला दिसो, आतून सांगाडा फाटलेला असू शकतो.

काढायचा कधी? खाचेच्या तळाशी टीडब्ल्यूआयचे, म्हणजे झीज दाखवणारे, छोटे उंचवटे असतात, रबर त्यांच्या बरोबरीला आलं की कायद्याचा आणि टायरचा दोन्हीचा विषय संपला. पण मी तिथपर्यंत थांबत नाही. मधे २ मिमी उरलं की पावसातला भरवसा कमी झालेला असतो आणि लीनमध्ये जाताना सपाट पट्ट्याच्या काठावरून बाईक एकदम पडल्यासारखी जाते. तेव्हा नवीन सेट मागवायचा, आणि मधे लांबची ट्रिप असेल तर दर हजार किमीच्या झिजेवरून हिशोब करा. ट्रिप संपेपर्यंत २ च्या खाली जाणार असं दिसलं तर निघायच्या निदान २०० किमी आधीच बदलून घ्या, म्हणजे नवे टायर तयार होऊनच सामान चढेल.